सांगानेरच्या मुली आणि विज्ञानाची भाषा

पहिल्याच तासाला मी वर्गात विचारलं, "मेरा आवाज पीछे तक आता है क्या?" आणि आठवीचा अख्खा वर्ग तोंडाला ओढण्या लावून हसायला लागला. मला वाटलं, आवाज पोचत नसेल. म्हणून मी तेच आणखी मोठ्याने विचारलं. त्या आणखी हसल्या. शेवटी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला माझी दया आली असावी. ती उठून उभी राहिली आणि अदबीने म्हणाली, "मैडम, आती है. आवाज आती है."

मराठीत तो आवाज, हिंदीत ती. एवढीशी गोष्ट, पण जयपूरमधल्या माझ्या शिक्षकीची सुरुवात अशी विद्यार्थिनीने केलेल्या दुरुस्तीने झाली.

त्या सुमारास जयपूरला रेल्वेचं नवं मोठं कार्यालय सुरू झालं होतं आणि ठिकठिकाणहून माणसं मागवली जात होती. त्यात ह्यांची भुसावळहून बदली झाली. भुसावळला मी मराठी शाळेत विज्ञान शिकवत होते. ती नोकरी सोडून आले आणि दुर्गापुऱ्यातल्या भाड्याच्या घरात दिवसभर एकटी बसून कंटाळले. मुलगी दुसरीत होती, ती शाळेत जायची. दिवाळी झाल्यावर शेजारच्या भाभींनी बातमी आणली की जवळच सांगानेरला मुलींच्या एका हिंदी शाळेत विज्ञानाची बाई बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे आणि परत येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी मिनीबस पकडून तिथे गेले.

त्या शाळेत सगळ्या शिक्षिकांना बहनजी म्हणत आणि मुख्याध्यापिकेला बड़ी बहनजी. मीच काय ती 'मैडम' झाले, बाहेरून आलेली म्हणून. बड़ी बहनजींनी माझी प्रमाणपत्रं बघितली आणि एकच प्रश्न विचारला, "हिंदी में पढ़ा लेंगी?"

"हां जी. लिपि तो एक ही है," मी म्हणाले.

मला खरंच तसं वाटत होतं. लिपी एक, विज्ञान एक, आणि पुस्तकातले शब्द दोन्हीकडे संस्कृतातूनच आलेले. मग अडचण ती कसली? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे जरा वेळ बघितलं. सत्र निम्मं उलटलं होतं आणि दुसरं कोणी मिळत नव्हतं. "ठीक है. कल से आ जाइए," त्या म्हणाल्या.

पहिले काही दिवस बरे गेले, म्हणजे मला तसं वाटलं. मी आम्लांचा धडा शिकवला. मराठीत आपण आम्ल आणि आम्लारी म्हणतो, आणि त्या दोघांच्या अभिक्रियेतून क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदी पुस्तकात आम्लारीला 'क्षारक' म्हणतात एवढं मी पाठ करून गेले होते. फळ्यावर लिहिलं, "अम्ल और क्षारक मिलकर क्षार और पानी बनता है." मुलींनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

मग पेशीचा धडा आला. मी म्हणाले, "हर सजीव का शरीर पेशियों से बना होता है. आदमी का, गाय का, पेड़ का भी."

पहिल्या बाकावरची तीच मुलगी उठली. "मैडम, पेड़ में भी पेशियां होती हैं?"

"होती हैं ना."

तिने कुर्त्याची बाही वर केली, कोपरात हात दुमडला आणि दंडाची बेटकुळी काढून दाखवली. "ऐसी?"

वर्ग खो खो हसला. मीही हसले, पण मला विनोद कळला नव्हता. मी तिला खाली बसवलं आणि झाडातल्या पेशींचं चित्र काढायला घेतलं.

मधल्या सुट्टीत शिक्षिकांच्या खोलीत मी हा किस्सा सांगितला. कोपऱ्यात हिंदीच्या बहनजी डबा खात होत्या. निवृत्तीला आलेल्या, जाड काचांचा चष्मा लावणाऱ्या, सगळ्या शाळेवर वचक असलेल्या बाई. त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मैडम, पेशी तो मसल को कहते हैं. आप जो पढ़ा रही हैं, वो कोशिका है."

म्हणजे त्या सबंध तासाला मी झाडाझाडांना दंड-मांड्या फुटल्याचं सांगत होते. मग एकदम शंका येऊन मी विचारलं, "और क्षार?"

"क्षार मतलब… वही, जैसे चूना, सोडा. क्यों?"

मराठीतला क्षार म्हणजे हिंदीत लवण. आणि हिंदीतला क्षार म्हणजे जवळपास आम्लारीच. मी मुलींना सांगितलं होतं की आम्लात आम्लारी घातली की आम्लारीच तयार होते, आणि एवढ्या मुलींपैकी एकीनेही हे कसं शक्य आहे म्हणून विचारलं नव्हतं.

मी हे सांगितल्यावर बहनजी हसल्या नाहीत. डबा बंद करत त्या म्हणाल्या, "आप कल अपनी किताब ले आना. साथ में बैठेंगे." त्यांनी माझी फजिती शाळाभर केली असती तर मी बहुधा पुढच्या महिन्यात नोकरी सोडली असती. त्यांनी किताब आणायला सांगितली, म्हणून मी टिकले.

त्यानंतर मधली सुट्टी आम्ही दोघी अंगणातल्या उन्हात बसून घालवायचो. जयपूरच्या थंडीत सगळी शाळाच उन्हाच्या मागे सरकत असे. वर्गसुद्धा सतरंज्या टाकून बाहेर भरायचे. मी धडा वाचायचे, त्या ऐकायच्या. सुरुवातीला माझ्याच घोटाळ्यांची यादी निघाली. चाचणीत मी मुलींना आम्लाची 'व्याख्या' लिहायला सांगितली होती आणि त्यांनी पानभर लिहिलं म्हणून वैतागले होते. बहनजींनी समजावलं की व्याख्या म्हणजे इथे सविस्तर स्पष्टीकरण. एका ओळीत हवी असते ती परिभाषा. 'अंतर' म्हणजे फरक. वर्तुळाला वृत्त म्हणायचं, घनफळाला आयतन. ओळखीचा चेहरा समोर यावा आणि तो माणूस भलताच निघावा, तसं प्रत्येक शब्दाचं व्हायचं.

पण पुढे पुढे एक वेगळीच गंमत सुरू झाली. मी वाचत असताना बहनजी मला थांबवायच्या. "फिर से पढ़िए." मी परत वाचायचे. एक वाक्य आठवतं: "ताप में वृद्धि के फलस्वरूप विलेयता में अपेक्षाकृत वृद्धि होती है." त्यांनी ते तीनदा वाचायला लावलं आणि मग चष्मा काढून डोळे चोळले.

"चालीस साल हो गए हिंदी पढ़ाते हुए. ये कौन सी हिंदी है?"

"गरम पाण्यात साखर जास्त विरघळते," मी मराठीतच म्हणाले.

"हां, ये समझ में आया," त्या म्हणाल्या. आणि मग दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की मैदानावरच्या मुली वळून बघायला लागल्या.

हसणं ओसरल्यावर त्या गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मैडम, आपको लगता है ये हिंदी सिर्फ आपको नहीं आती. इन लड़कियों के घर में भी कोई ऐसे नहीं बोलता. इनके घर तो हिंदी भी नहीं, ढूंढाड़ी चलती है, यहां की बोली. ये सब रट लेती हैं, बस."

त्या क्षणापर्यंत मी स्वतःला वर्गातली एकटी परकी समजत होते. त्या दिवसापासून मला वर्ग निराळा दिसायला लागला. माझं चुकीचं वाक्य त्यांनी निमूट उतरवून घेतलं होतं, कारण पुस्तकातली बरोबर वाक्यंही त्या तशीच निमूट उतरवून घेत होत्या. दोन्ही त्यांना सारखीच अनोळखी होती.

वर्गात मागच्या बाकावर एक उंच, सावळी मुलगी बसायची. तिचे वडील आणि काका कापडावर ठसे उमटवायच्या कारखान्यात कामाला होते. घरी परतल्यावर तीही हाताखाली काम करायची, त्यामुळे तिच्या नखांच्या कडा कायम निळसर असत. ती कधी बोलत नसे. चाचणीत तिचं उत्तर एकतर पुस्तकातल्यासारखं, काना-मात्रेसकट, किंवा कोरं. एक शब्द विसरला की पुढचं सगळंच थांबायचं. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, मुलगी चांगली आहे पण डोक्याने जरा मंद आहे.

आम्लारीचा धडा मी पुन्हा पहिल्यापासून घेतला. यावेळी घरून हळद, धुण्याचा सोडा, लिंबू आणि जुन्या पांढऱ्या ओढणीचे तुकडे घेऊन गेले. अंगणात सतरंजीवर मुलींना गोल बसवलं. कापडावर हळद लावली, त्यावर सोड्याचं पाणी टाकलं. डाग लालभडक झाला. त्यावर लिंबू पिळलं. पुन्हा पिवळा. मुली गुडघ्यांवर उठून बघायला लागल्या.

"क्या हुआ, बताओ," मी विचारलं.

काय झालं ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, पण पुस्तकातलं वाक्य कोणाला आठवत नव्हतं. आणि तेवढ्यात मागून ती उंच मुलगी, बहुधा स्वतःशीच, म्हणाली, "हल्दी को दाग साबण सूं बी लाल हो जावै छै."

बाकीच्या फिसकन हसल्या. शाळेत, तेही विज्ञानाच्या तासाला, घरची बोली! तिचा चेहरा उतरला आणि तिने मान खाली घातली.

मी आधी काही ठरवलं नव्हतं. मी सरळ मराठीत म्हणाले, "बरोबर. हळदीचा डाग साबणानेसुद्धा लाल होतो." मुली चमकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी विचारलं, "मैं क्या बोली? किसको समझा?"

सगळ्यांचे हात वर.

"और ये क्या बोली?" मी तिच्याकडे बोट दाखवलं. पुन्हा सगळे हात वर.

मग मी फळा बाहेर मागवला. सगळ्यात वर तिचं वाक्य लिहिलं, तिला विचारून विचारून, कारण ढूंढाड़ी मला कुठे लिहिता येत होती? ती एकेक शब्द हळूहळू सांगत होती आणि बाकीच्या "सूं में बिंदी लगेगी मैडम" म्हणून मदत करत होत्या. त्याखाली माझं मराठी वाक्य लिहिलं. त्याखाली पुस्तकातलं, द्रावणाला विलयन म्हणणारं: "हल्दी क्षारकीय विलयन में लाल हो जाती है."

"तीनों में बात एक ही है क्या?"

मुली बारकाईने बघायला लागल्या. पहिल्या बाकावरची म्हणाली, "एक ही है. पर किताब में साबुन का नाम नहीं है."

"क्यों नहीं है?"

मग ती उंच मुलगीच म्हणाली, अर्धं हिंदीत, अर्धं तिच्या बोलीत, की साबण लिहिलं तर फक्त साबणाचं कळेल. पण सोड्यानेही होतं, चुन्यानेही होतं. सगळ्यांना मिळून एक नाव दिलंय, म्हणून क्षारकीय.

शास्त्राच्या भाषेत अवघड शब्द कशासाठी असतात, हे मला बी.एड.च्या वर्गात कोणी इतक्या सरळपणे सांगितलं नव्हतं. मी तिला "शाबास" म्हणाले, मराठीतच. त्या शब्दाचं भाषांतर कोणाला करावं लागलं नाही.

तिथून आमची एक रीत पडली. आधी प्रयोग, किंवा चित्र, किंवा नुसतीच एखादी घरातली गोष्ट. मग शेजारणीला ती आपल्या बोलीत सांगायची. मग साध्या हिंदीत. आणि सगळ्यात शेवटी पुस्तक उघडायचं. पुस्तक उघडेपर्यंत त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी असायचं, त्यामुळे तिथले शब्द त्यांना भिववत नसत. उलट त्या शब्दांशी भांडायला लागल्या. "उदासीनीकरण" आला त्या दिवशी एकीने विचारलं, "मैडम, नींबू और सोडा मिलकर उदास हो जाते हैं क्या?" मी तो प्रश्न हिंदीच्या बहनजींकडे नेला. त्या स्वतः वर्गात आल्या आणि सांगितलं की उदास वेगळा, उदासीन वेगळा. घरात दोघी जावांचं भांडण होतं तेव्हा जी ना हिची बाजू घेते ना तिची, ती उदासीन. मुलींना हे इतकं आवडलं की पुढे कितीतरी दिवस कोणी भांडायला लागलं की तिसरी म्हणायची, "मैं तो उदासीन हूं."

मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्द जास्त त्रास देतात, हेही मला तेव्हा कळलं. 'अतः', 'यद्यपि', 'जबकि', 'के कारण', म्हणजे आपले 'म्हणून', 'जरी', 'तर', 'मुळे'. मुलींना दोन्ही गोष्टी माहीत असायच्या, पण त्यांची गाठ मारता यायची नाही. बहनजींनी आपल्या व्याकरणाच्या तासाला माझ्या विज्ञानाच्या पुस्तकातली वाक्यं घ्यायला सुरुवात केली. मी फळ्याच्या एका कडेला वाक्यांची सुरुवात लिहून ठेवायचे: "हमने देखा कि…", "इसका कारण यह है कि…", "इससे पता चलता है कि…" ज्या मुलीला सुरुवात सापडत नसे ती तिकडे बघायची आणि पुढे जायची. काही महिन्यांनी बघेनाशा झाल्या.

आणि माझंही शिक्षण चालूच होतं. घरी मुलगी माझी उजळणी घ्यायची. "मम्मी, 'दही खट्टी' नहीं, 'दही खट्टा'. मतलब, कितनी बार बताऊं?" अमरावतीच्या माझ्या आईला फोनवर ती हे सगळं हिंदी-मराठीच्या खिचडीत सांगायची आणि आई तिकडे हसून बेजार व्हायची.

बड़ी बहनजींना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. एकदा त्या व्हरांड्यातून चालल्या होत्या आणि वर्गातून एकाच वेळी चाळीसेक तोंडांची ढूंढाड़ी ऐकू येत होती. तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"मैडम, ये साइंस का पीरियड था या मेला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. माझं हिंदी ऐन वेळी दगा देत होतं.

"मां-बाप इनको घर की बोली सीखने नहीं भेजते," त्या म्हणाल्या. "वो तो चाहते हैं कि लड़की साफ हिंदी बोले. और कोर्स कब पूरा होगा?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तेच कबूल केलं आणि म्हणाले, "मुझे भी वही चाहिए, बड़ी बहनजी. साफ हिंदी, किताब वाली हिंदी. बस, रास्ता घर से शुरू होता है."

दाराशी हिंदीच्या बहनजी उभ्या होत्या. त्या आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "व्याकरण के पर्चे में इस बार आठवीं के नंबर देखे आपने? इस काम में मैं भी हूं. डांटना है तो दोनों को डांटिए."

बड़ी बहनजींनी आम्हाला थांबवलं नाही. बदलीच्या गावात, जिथे आपली कोणाशी ना ओळख ना नातं, तिथे कोणी असं आपल्या शेजारी येऊन बसावं, याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

पुढच्या वर्षी त्याच मुली नववीत गेल्या. हिवाळ्यात शिक्षण खात्याकडून तपासणी आली. निरीक्षक वयस्कर होते, कोट-मफलर घातलेले, करारी चेहऱ्याचे. बड़ी बहनजी त्यांना घेऊन नेमक्या माझ्या तासाला आल्या. मी मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

साहेबांनी विचारलं, "उदासीनीकरण की परिभाषा कौन बताएगा?"

बरेच हात वर झाले. पण त्यांनी नेमकं ज्या मुलीचा हात वर नव्हता तिला उठवलं, त्या उंच मुलीला. ती उभी राहिली. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. मला ठाऊक होतं की तिला येतं. बड़ी बहनजींनी माझ्याकडे बघितलं.

मग ती म्हणाली, "सर, पहले अपनी बोली में बोल दूं?"

साहेबांनी चष्मा खाली ओढून तिच्याकडे बघितलं. "बोलो."

"खाटा में खारो मिलावां तो दोन्यां को जोर मिट जावै. फेर वो न खाटो रह्वै, न खारो." ती एक श्वास घ्यायला थांबली. मग खांदे सरळ करून म्हणाली, "अब किताब की भाषा में. जब अम्ल और क्षारक उचित मात्रा में मिलते हैं, तो लवण और जल बनते हैं, और विलयन न अम्लीय रहता है, न क्षारकीय. इस अभिक्रिया को उदासीनीकरण कहते हैं."

साहेबांनी विचारलं, "चींटी काट ले तो क्या लगाओगी?"

"खाने का सोडा, सर."

"क्यों?"

"क्योंकि चींटी के डंक में अम्ल होता है, और सोडा क्षारकीय है. अतः जलन कम हो जाती है."

त्या 'अतः'ने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतरांना ते कळलं नसेल. हिंदीच्या बहनजी दाराबाहेर उभ्या होत्या, त्यांना मात्र कळलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मी बघितला.

आणि मग त्या करारी माणसाच्या चेहऱ्यावर एकदम हसू पसरलं. ते म्हणाले, "म्हारी मां तो चूनो लगाती छी."

वर्ग आधी अवाक झाला आणि मग असा काही खिदळला की बड़ी बहनजींनाही हसू आवरेना. साहेब जवळच्याच कुठल्याशा गावचे होते. सगळी नोकरी साहेबी हिंदीत केलेल्या त्या माणसाने शाळेतल्या वर्गात आपली बोली बहुधा पहिल्यांदाच बोलली असेल. जाताना ते त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. मला काही म्हणाले नाहीत, आणि ते योग्यच होतं. उत्तर तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी बड़ी बहनजींनी गणिताच्या बहनजींना माझ्या तासाला बसायला पाठवलं. त्या तासभर बसल्या आणि जाताना म्हणाल्या, "मेरे यहां 'सिद्ध कीजिए' पर गाड़ी अटकती है. कुछ करते हैं." आम्ही तिघी मिळून करत राहिलो. कधी जमलं, कधी जमलं नाही. काही मुली शेवटपर्यंत पाठांतरावरच राहिल्या आणि दोघी-तिघींची दहावीच्या आधीच लग्नं झाली. ते थांबवणं आमच्या हातात नव्हतं. पण ती उंच मुलगी विज्ञानात चांगल्या गुणांनी दहावी झाली, आणि तिच्या काकांनी कारखान्यातून सुट्टी काढून सगळ्या शिक्षिकांना प्याज की कचोरी आणून खाऊ घातली.

त्यानंतर लवकरच ह्यांची बदली परत महाराष्ट्रात झाली. निरोपाच्या दिवशी मुलींनी माझ्यासाठी स्वतः ठसे उमटवलेली ओढणी आणली होती. बोलायला उभी राहिले आणि सरळ सांगितलं की या शाळेने मला हिंदी शिकवलं, आणि ते करताना माझाच विषय मला नव्याने शिकवला. वीस ठिकाणी लिंगं चुकली असतील. कोणी दुरुस्त केली नाहीत.

हिंदीच्या बहनजी पुढे निवृत्त झाल्या. सणासुदीला फोनवर बोलणं होतं. मी हल्ली अमरावतीला एका शाळेत शिकवते. मेळघाटातली कोरकू मुलं-मुली वसतिगृहात राहून तिथे शिकतात. मराठी पुस्तकातलं 'उत्सर्जन' किंवा 'प्रकाशसंश्लेषण' त्यांच्यासाठी किती दूरचं आहे, हे मला पहिल्या दिवशीच ओळखता आलं. ती नजर मला सांगानेरने दिली. एरवी मीही 'मुलं बरी आहेत, पण मंद आहेत' असं म्हणून मोकळी झाले असते.

मध्यंतरी एक दिवस त्या उंच मुलीचा फोन आला. बहनजींकडून तिने नंबर घेतला होता. बारावीनंतर तिने नर्सिंग केलं आणि आता जयपूरच्याच एका दवाखान्यात कामाला आहे. डॉक्टर खेड्यांतून आलेल्या बायकांना पुस्तकी भाषेत काहीबाही सांगून जातात, आणि मग त्या हिच्याभोवती जमतात, असं ती सांगत होती. "सबको अपनी बोली में समझाती हूं, मैडम. फिर डॉक्टर वाला शब्द भी सिखा देती हूं, ताकि अगली बार खुद पूछ सकें."

मी तिला म्हणाले की तुझे आभार मानायचे राहूनच गेले होते. ती लाजली. "मेरा क्या, मैडम!" मग मी तिला माझ्या आताच्या वर्गाबद्दल सांगितलं, कोरकू मुलांबद्दल.

"उनकी बोली आपको आती है?" तिने विचारलं.

"थोड़ी थोड़ी. बहुत गलत बोलती हूं."

"कोई बात नहीं," ती अगदी सहज म्हणाली, "बच्चे सिखा देंगे."